ॲस्पॅराजिनेज इंजेक्शन आणि मुलांच्या स्वादुपिंडाची सूज

तुमच्या मुलाला एएलएल प्रकारचा रक्ताचा कॅन्सर असेल, तर त्याच्या केमोथेरपीत ॲस्पॅराजिनेज हे इंजेक्शन बहुधा असतेच. ते अत्यंत उपयोगी आहे, पण काही मुलांमध्ये त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येते. यालाच पॅनक्रिएटायटिस म्हणतात. मोठ्या वयाच्या मुलांमध्ये हा धोका जास्त असतो.

लक्षणे कोणती?

- पोटाच्या वरच्या भागात दुखणे, कधी पाठीपर्यंत कळ जाणे
- वारंवार उलट्या, जेवण नकोसे होणे
- ताप, पोट फुगणे
- लहान बाळ सतत रडणे, पाय पोटाशी घेणे

ही लक्षणे इंजेक्शननंतर काही दिवसांनी, घरी आल्यावरही सुरू होऊ शकतात. व्हिन्क्रिस्टिनमुळे बद्धकोष्ठता होऊनही पोट दुखते. शिवाय स्टिरॉइड सुरू असताना दुखणे कमी जाणवू शकते. म्हणून नेमके कारण घरी ठरवू नका.

निदान कसे होते?

डॉक्टर रक्तातील लायपेज आणि अमायलेज तपासतात. पोटदुखी, यांपैकी एखादे एन्झाइम सामान्य मर्यादेच्या किमान 3 पट वाढणे आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये सूज दिसणे, या तीनपैकी दोन गोष्टी आढळल्यास निदान पक्के होते. त्रास नसताना एन्झाइम थोडे वाढले, तर तेवढ्यावरून पॅनक्रिएटायटिस ठरत नाही. उलट, सोनोग्राफीत आतड्यातील हवेमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल असूनही पुढील तपासण्या लागू शकतात. रक्तातील साखर, कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइडही पाहतात.

पुढे काय?

मुलाला दाखल करून सलाईन व वेदनाशामक औषधे देतात आणि ॲस्पॅराजिनेज थांबवतात. आजार गंभीर असेल, तर ते सहसा पुन्हा देत नाहीत. सौम्य असेल, तर बरे झाल्यावर पुन्हा देण्याचा विचार होतो. बाकीच्या केमोथेरपीचे वेळापत्रक डॉक्टर ठरवतात.

तुम्ही काय कराल?

पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅन्सर विभागाला फोन करा. शेवटचे इंजेक्शन कधी दिले ते सांगा. वेदनाशामक गोळी किंवा जुलाबाचे औषध स्वतःहून देऊ नका. खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल, तर साखर वाढलेली असू शकते. तेही लगेच कळवा. मात्र भीतीपोटी ठरलेला डोस परस्पर चुकवू नका.