नेत्रदान : संमति कोणाची ?

नाशिक जिल्ह्यांतील देवळा तालुका हा कांदा, मका आणि बाजरी यांचा मुलूख. मळणीच्या दिवसांत उडालेलें कुसळ डोळ्यांत जावें किंवा मक्याच्या पात्याची धार लागावी, शेतकऱ्यानें उपरण्यानें डोळा चोळून पुन्हां कामाला लागावें आणि पंधरा दिवसांनीं त्याच डोळ्यांत पांढरें फूल पडावें, हा प्रकार अशा शेतीच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लहानशा ओरखड्यांतून बुरशी शिरते, व्रण होतो, आणि व्रण भरून आला तरी त्याचा डाग बुबुळापुढील काचेसारख्या पडद्यावर कायमचा राहतो. लोकांनीं त्या डागाला 'फूल' असें गोड नांव दिलें आहे. मध्यभागीं दाट फूल पडलें कीं त्या डोळ्याला मात्र उजेड आणि अंधार एवढाच भेद उरतो. पूर्वीं हें फूल देवीच्या रोगानें पडे, खुपऱ्यांनीं पडे, अपुऱ्या आहारामुळें लेंकरांच्या डोळ्यांत पडे. देवीचा शेवटचा रोगी भारतांत १९७५ सालीं आढळला. खुपऱ्यांवर देशानें मात केल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें. शेतांतील इजा मात्र आहे तेथेंच आहे.

या पडद्याला पारपटल म्हणतात. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत. म्हणून एकाचें पारपटल दुसऱ्याला बसवितांना रक्तगट जुळवावा लागत नाहीं, आणि शरीराकडून तें परकें म्हणून नाकारलें जाण्याचें भयहि इतर अवयवांपेक्षां कमी. अडचण एकच. हें पटल बहुतांशीं माणसाच्याच डोळ्यांतून मिळवावें लागतें.

डोळा देण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाहीं. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत शिबिराजाची जातककथा भिंतीवर रंगविलेली आहे. कबुतरासाठीं मांस कापून देणारा शिबि सर्वांस ठाऊक आहे. या कथेंतला शिबि अंध याचकाला आपले डोळे देतो. जातकांत याचक एकच डोळा मागतो, राजा दोन्ही देऊं करतो. पण कथेंतील एक बारकावा सहसा सांगितला जात नाहीं. डोळे काढण्याची गोष्ट निघतांच सेनापति, प्रधान, नगरजन सारे राजाभोंवतीं गोळा होतात आणि विनवितात कीं, महाराज, धन द्या, हत्ती द्या, घोडे द्या, पण डोळे देऊं नका. दाता राजी आणि भोंवतालचे नाराज, असा हा प्रसंग आहे. नेत्रदानाचा पुढील सारा इतिहास पाहिला तर तो याच प्रसंगाभोंवतीं फिरतो असें दिसून येईल.

शास्त्राला शिबीपर्यंत पोंचावयास फार काळ लागला. जनावरांचीं पारपटलें माणसाला बसविण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकांत होऊन फसले. १९०५ सालच्या डिसेंबरांत, आज चेक प्रजासत्ताकांत असलेल्या ओलोमोउत्स या गांवीं, एडुआर्ड त्सिर्म या शस्त्रवैद्यापुढें दोन रोगी आले. चुन्यानें दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर, आणि लोखंडाचा कण घुसल्यामुळें ज्याचा डोळा काढणें भागच होतें असा अकरा वर्षांचा एक मुलगा. मुलाच्या त्या निकामी डोळ्याचें पारपटल अजून स्वच्छ होतें. त्सिर्मनें तें मजुराच्या डोळ्यांवर बसविलें. एका डोळ्यांतील टिकलें आणि मजूर पुन्हां कामाला जाऊं लागला. माणसाचें पूर्ण जाडीचें पारपटल माणसाला बसवून तें यशस्वी झाल्याची ही पहिली नोंद होय.

परंतु असे योगायोग दररोज कोठून यावयाचे ? १९३० नंतरच्या दशकांत ओडेसा येथील व्लादिमिर फिलातोव्ह यानें त्यावर तोड काढली. मृत माणसाचा डोळा थंडाव्यांत जपून ठेवला तर त्याचें पारपटल उपयोगी पडतें, हें त्यानें शेंकडों शस्त्रक्रियांनीं दाखवून दिलें. वैद्यकाच्या दृष्टीनें प्रश्न येथें सुटला. पण त्याच क्षणीं तो शस्त्रक्रियेच्या खोलींतून निघून प्रेताभोंवतीं बसलेल्या घरच्या माणसांत येऊन पडला. जिवंत माणूस आपला होकार आपण देतो. मेलेल्याचा होकार कोणीं द्यावयाचा?

भारतांतील पहिली नेत्रपेढी मद्रासेस १९४५ सालीं निघाली. ब्रिटनमध्यें १९५२ सालीं कायदा झाला. माणसानें हयातींत लेखी, अथवा शेवटच्या दुखण्यांत दोन साक्षीदारांसमक्ष तोंडी इच्छा सांगितली तरी ती ग्राह्य धरावी, असें त्यानें ठरविलें. मागाहून पांच वर्षांनीं, १९५७ सालीं, मुंबई राज्यानें पारपटलरोपणाचा आपला कायदा केला. नाशिक जिल्हा तेव्हां त्याच द्वैभाषिक राज्यांत होता. म्हणजे देवळ्याच्या माणसाला आपले डोळे देऊन जाण्याचा कायदेशीर मार्ग महाराष्ट्र राज्य जन्मण्यापूर्वींच खुला झाला होता. मागाहून संसदेनें १९९४ सालीं मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा केला आणि तो आरंभींच स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्यांतील योजना विचारपूर्वक केलेली आहे. मृतानें हयातींत साक्षीदारांसमक्ष लेखी संमति दिली असेल तर देह ज्याच्या ताब्यांत आहे त्यानें सोय करून द्यावी. तशी संमति नसेल, पण मृतानें कधीं विरोधहि दर्शविला नसेल, आणि जवळच्या नातलगाची हरकत नसेल, तर देह ताब्यांत असलेल्याला स्वतः होकार देतां येतो. अर्ज भरला नव्हता म्हणून नेत्रदान करतां येत नाहीं, हा समज सपशेल चुकीचा आहे. आणि अर्ज भरला होता म्हणून तें आपोआप घडेल, हा त्याहून मोठा चुकीचा. रडणाऱ्या कुटुंबाशीं कायद्याचें कलम वाचून भांडणारी नेत्रपेढी कोठेंहि नाहीं, आणि नसावी हेंच योग्य.

हैदराबाद शहरांत गेल्या शतकाच्या अखेरीस झालेली एक पाहणी येथें आठवते. चार माणसांपैकीं सुमारे तिघांना नेत्रदान ठाऊक होतें; ठाऊक असणाऱ्यांपैकीं निम्म्याहून थोडे कमी तयार होते; आणि प्रत्यक्ष अर्ज भरलेला शंभरांत जेमतेम एखादाच. दरवर्षीं २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा पाळतात, सभा होतात, अर्ज भरले जातात. ते अर्ज पुढें शिधापत्रिकेबरोबर ट्रंकेच्या तळाशीं जातात आणि बाराव्या-तेराव्या दिवशीं, कागदपत्रें चाळतांना, मुलाच्या हातीं लागतात.

सिंहलद्वीपांत निराळें घडलें. हडसन सिल्वा हा वैद्यकाचा विद्यार्थी १९५८ सालीं वृत्तपत्रांतून डोळे मागूं लागला. आई वारली तेव्हां त्यानें तिचें पारपटल एका गरीब शेतकऱ्याच्या डोळ्यासाठीं दिलें. १९६१ सालीं त्याची संस्था उभी राहिली आणि १९६४ पासून त्या लहानशा बेटावरील डोळे परदेशांतील अंधांसाठीं विमानानें जाऊं लागले. तेथील बौद्ध भिक्षूंचें पाठबळ आणि दानाच्या जातककथा हें त्याचें मोठें भांडवल होतें. ज्या कथेचें चित्र आपल्या डोंगरांत कोरल्या लेण्यांत पडून आहे, ती कथा समुद्रापलीकडे कामाला लागली !

आपल्याकडील भय दोन प्रकारचें. डोळे दिले तर पुढील जन्मीं आंधळा जन्म येईल, हें एक. असें म्हणणाऱ्यांनीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अंत्यविधीचें सूक्त कोणा जाणत्याकडून समजून घ्यावें. मृताचा डोळा सूर्याकडे जावो, प्राण वाऱ्याकडे जावो, असाच त्यांतील भाव आहे. वैदिक ऋषींनीं डोळा प्रेताच्या मालकीचा ठेवलाच नाहीं. दुसरें भय चेहरा विद्रूप होण्याचें. तेंहि खरें नव्हे. काम पंधरा-वीस मिनिटांचें; पुष्कळदां केवळ पारपटलच काढतात, आणि सबंध डोळा काढला तरी पापण्या मिटवून ठेवतात, चेहऱ्यांत फरक दिसत नाहीं. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह यांची आडकाठी नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याचें विष, एड्स, संसर्गजन्य कावीळ अशा कांहीं रोगांची मात्र आहे.

खरी अडचण घड्याळाची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत डोळे घ्यावे लागतात. देवळ्यासारख्या ठिकाणीं उन्हाळ्यांत जितकें लवकर तितकें चांगलें. घरांत पंखा बंद करावा, डोक्याखालीं उशी द्यावी, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, एवढेंच घरच्यांचें काम. पापण्या मिटविणें तर आपल्याकडे आधींपासूनच थोरल्या मुलाचें किंवा जवळच्या माणसाचें कर्तव्य मानलें आहे.

आणि वेळ नसतो असेंहि नाहीं. देवळ्याच्या खेड्यांत म्हातारा वारला तर मालेगांवास, सटाण्यास, सुरतेस दिलेल्या लेकी येईपर्यंत देह ठेवतात. बापाचें तोंड पाहिल्याशिवाय उचलूं नका, असा तिचा निरोप असतो आणि तो सारे पाळतात. एक माणूस सरणाचीं लांकडें पाहतो, एक नातलगांना कळवीत बसतो. नाशिकची वाट मोटारीनें सुमारे दोन तासांची आहे. कळविणाऱ्यानें पहिल्या तासांत नेत्रपेढीलाहि कळविलें, तर तेथील माणसें सुरतेच्या लेकीच्या आधीं दारांत पोंचतात.