फुलाआधीचं तण

भाद्रपदात घाटनांदूरच्या शिवारात सोयाबीनच्या वर पिवळी फुलं डोकावू लागली की नवखा माणूस हमखास म्हणतो, ही रानमोहरी. चार पाकळ्या, बारीक लांब उभी शेंग, फसायला होतंच. पण पान चुरगाळून पाहा. उग्र वास येतो, बोटं चिकट होतात. फुलातले पुंकेसर मोजा. मोहरीत सहा, चार लांब नि दोन आखूड. इथे दहा-वीस, कधी त्याहून जास्त. ही पिवळी तिळवण, लिनियसने 1753 मध्ये नोंदवलेली क्लिओम व्हिस्कोसा. पूर्वी ती वायवर्णाच्या कुळात गणली जाई. आता तिचं कुळ स्वतंत्र मानतात आणि ते मोहरीच्या कुळाला सर्वांत जवळचं ठरलं आहे. म्हणजे नवखा माणूस अगदीच चुकला नव्हता! गढवालात तर तिच्याच बियांची, जख्याची, फोडणी देतात.

पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं मोहरीशी साम्य मात्र जिवावर बेततं. त्याचं बी मोहरीत मिसळलं की तेल विषारी होतं. 1998 मध्ये दिल्लीत अशा भेसळीने साठाहून अधिक माणसं दगावली.

तणांच्या अभ्यासाला नव्याने येणाऱ्यांनी ओळखीचा हा प्रश्न आधी सोडवावा, असं मला वाटतं. वनस्पतिशास्त्राची पुस्तकं ओळख पटवतात ती बहुतेक फुलावरून. शेतकऱ्याला तेवढी सवड नसते. सोयाबीनला तणाचा जाच पहिल्या दीड महिन्यात सर्वाधिक होतो, आणि उगवणीनंतरचं तणनाशक मारायचं तेही तण दोन-चार पानांवर असतानाच. कोळप्याने दोन ओळींमधलं निघतं. पिकाच्या बुडाशी लागून उगवलेलं राहतं. ते राहिलं तर शेंगा तडकून बी तिथेच सांडतं, उरलेलं मळणी यंत्रातून पुढच्या रानात पोचतं.

बुडाशी लागून उगवलेलं नेमकं उपटतात त्या खुरपणाऱ्या बाया. बोटभर रोपावरून तिळवण कोणती, कुंजरू कोणतं, हे त्या न थांबता सांगतात. इतकं ज्ञान आमच्या ग्रंथांत अजून उतरलेलं नाही, ही या शास्त्राची मोठी उणीव आहे.

म्हणून या पुस्तकात रोपांची चित्रं आधी आणि फुलांची नंतर दिली आहेत. पेरणीनंतर पंधरवड्याने भिंग नि वही घेऊन खुरपणीच्या पातीला बसा. उपटलेलं रोप मुळासकट कागदात दाबा, शेजारी बाईंनी सांगितलेलं नाव लिहा. शास्त्रीय नाव फूल आल्यावर भरता येईल; त्यासाठी एक रोप शेतमालकाला विचारून बांधावर राखून ठेवा.