वृत्तपत्रे, मराठी : राजकीय मतप्रणाली व वाचकवर्ग

वाचकवर्ग आधी अस्तित्वात असतो आणि वृत्तपत्र त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात मात्र अनेकदा याच्या उलट घडलेले दिसते. पत्राची राजकीय व सामाजिक मते प्रथम निश्चित झाली आणि त्या मतांनी आपला वाचक घडविला. ‘आपण’ म्हणजे कोण, कोणत्या भाषेत लिहावयाचे, कोणते वृत्त पहिल्या पानावर घ्यावयाचे आणि कोणते मुळीच घ्यावयाचे नाही, या निर्णयांतून वाचकांचे वर्तुळ आखले गेले. वर्तुळाबाहेर राहिलेल्यांना पुढे स्वतःची पत्रे काढावी लागली. एकदा घडलेल्या वाचकाने पत्रालाही बांधून ठेवले, ही या प्रक्रियेची दुसरी बाजू होय. प्रस्तुत नोंदीत काही प्रमुख पत्रांच्या आधारे तिचा विचार केला आहे.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्रात प्रत्येक पृष्ठावर एका रकान्यात इंग्रजी व दुसऱ्यात मराठी मजकूर असे. राज्यकर्ते आणि नव्याने इंग्रजी शिकणारे एतद्देशीय अशा दोन वाचकांना एकाच पानावर आणण्याचा तो प्रयत्न होता. तो १८४० मध्ये संपला. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ (१८४१) पत्रातून १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतील टीकेचा रोख प्रामुख्याने ब्राह्मण वर्गावर होता आणि पत्राचे वाचकही बहुतांशी त्याच वर्गातील होते. ज्याच्यावर टीका करावयाची त्यालाच वाचक मानण्याचे हे धैर्य पुढील काळात क्वचितच आढळते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे ‘इंदुप्रकाश’ (१८६२) याच परंपरेतील होते.

शेतकरी व कष्टकरी यांना उद्देशून निघालेले पहिले महत्त्वाचे पत्र म्हणजे कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’. सत्यशोधक विचारांचे हे साप्ताहिक १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालविले. गिरणी कामगारांच्या मागण्यांना त्याने जागा दिली. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते, ही त्याची मुख्य अडचण होती. १९०१ च्या जनगणनेतसुद्धा देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे पाच एवढेच होते. त्यामुळे त्या काळच्या कोणत्याही मराठी पत्राच्या प्रभावाचा अंदाज केवळ वर्गणीदारांच्या संख्येवरून करणे योग्य ठरत नाही. चावडीवर, दुकानात वा गिरणीच्या चाळीत एकाने वाचावे व अनेकांनी ऐकावे, अशी पद्धत होती आणि हा श्रोता संपादकांच्या डोळ्यांसमोर असे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर आदींनी जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही साप्ताहिके एकाच वेळी सुरू केली. मते एकच, परंतु वाचक दोन, असा हा स्पष्ट विभाग होता. मराठा इंग्रजीत असल्यामुळे तो सरकारी अधिकारी व उच्चशिक्षित यांच्यासाठी होता. केसरी मराठी जाणणाऱ्या सर्वांसाठी होता. एकच प्रश्न मराठात युक्तिवादाच्या व केसरीत आवाहनाच्या भाषेत मांडला जाई. कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये १०१ दिवसांचा कारावास झाला. या खटल्यात सत्यशोधक समाजाशी संबंधित रामशेठ उरवणे यांनी त्यांच्यासाठी जामीन दिला होता. त्यावेळी वाचकवर्गांतील सीमारेषा पुढील काळाएवढ्या ताठर नव्हत्या, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

या रेषा आखल्या गेल्या त्या सामाजिक सुधारणेच्या वादातून. केसरीचे संपादक असूनही आगरकरांना आपली समाजसुधारणेविषयीची मते पत्राची मते म्हणून मांडणे कठीण होत गेले. १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. त्याच्या इंग्रजी विभागाची बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. या फारकतीचा उल्लेख बहुधा दोन थोर व्यक्तींमधील मतभेद म्हणून केला जातो. वस्तुतः तो दोन वाचकांविषयीचा मतभेदही होता. टिळकांच्या दृष्टीने वाचक हा राजकीय चळवळीचा घटक होता. त्याच्या आचारधर्मावर आघात केल्यास तो दुरावेल आणि परकी सत्तेविरुद्धची फळी मोडेल, असे त्यांना वाटे. आगरकरांच्या दृष्टीने वाचक ही विचार करणारी व्यक्ती होती. ती दुरावली तरी चालेल, पण तिच्यापासून सत्य लपवू नये, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला सुधारकाने पाठिंबा दिला व केसरीने विरोध केला. पुढे केसरीचा वाचक वाढत गेला. सुधारकाचा मर्यादितच राहिला, तरी त्याचा प्रभाव वाचकसंख्येच्या मानाने पुष्कळच मोठा होता.

केसरीच्या विस्ताराचे एक उदाहरण विशेष बोलके आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात केसरीने दुष्काळविषयक सरकारी नियमांतील तरतुदी सोप्या मराठीत समजावून दिल्या आणि पीक बुडालेल्या शेतकऱ्याने सारा माफीचा हक्क मागावा, असे सांगितले. येथे पत्राला एक नवा वाचक, किंबहुना श्रोता, मिळाला. त्याला केसरीचे तत्त्वज्ञान ठाऊक नव्हते. आपल्या हक्काची माहिती मात्र तेथे मिळते, हे ठाऊक होते. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची व २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. या कामगारांपैकी केसरीचे वर्गणीदार अगदी थोडे असणार.

तथापि केसरीच्या या वर्तुळालाही मर्यादा होती. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात त्याने सनातनी पक्षाची बाजू घेतली आणि शाहू छत्रपतींच्या भोवतालचा मराठा सुशिक्षित वर्ग त्यापासून दूर गेला. ‘आपण’ या शब्दात आपला समावेश नाही, हे या वर्गाला जाणवले. मुकुंदराव पाटील यांचे ‘दीनमित्र’ (१९१०), बडोद्याहून भगवंतराव पाळेकर यांनी काढलेली ‘जागृति’ (१९१७) आणि पुण्यातील श्रीपतराव शिंदे यांचा ‘विजयी मराठा’ (१९१९) ही ब्राह्मणेतर पत्रे या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजेत. त्यांतही दीनमित्राचे स्थान वेगळे आहे. अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे व नंतर तरवडी या खेड्यांतून ते निघे. खेड्यात छापखाना चालवून शेतकऱ्यांना त्यांच्याच बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत ते लिहीत असे आणि संपादकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, ते चालले. शहरातील मोठ्या पत्रांच्या इतिहासात या पत्राला मिळणारी जागा त्याच्या कामगिरीच्या मानाने फार थोडी आहे.

अस्पृश्य समाजाच्या पत्रांपुढील प्रश्न याहून बिकट होता. शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ (१९०८) या मासिकानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. शाहू छत्रपतींनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. पैसे देण्याची तयारी असूनही मूकनायकाची जाहिरात छापण्यास केसरीने नकार दिला, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. मूकनायकानंतर ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) व ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) अशी त्यांची पत्रे निघाली. या चार नावांतच वाचकाविषयीच्या कल्पनेचा प्रवास दिसतो. आरंभी तो मुका आहे व त्याच्या वतीने कोणी बोलावयास हवे. मग तो बहिष्कृत, पण आपल्या बहिष्काराची जाणीव असलेला आहे. पुढे तो राजकीय हक्क मागणारी जनता होतो आणि धर्मांतराच्या वर्षी प्रबुद्ध ठरतो. या वाचकाकडे वर्गणी भरण्याइतका पैसा नव्हता आणि जाहिरातदारांना त्याच्यात रस नव्हता. बहिष्कृत भारताचे रकाने बव्हंशी आंबेडकरांना स्वतःच भरावे लागत आणि १९२९ मध्ये ते बंद पडले. वाचक घडविणे आणि त्याच्या बळावर पत्र जगविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रकर्षाने दिसते.

मत एकच असले, तरी वाचक एकच असतो असेही नाही. अच्युत बळवंत कोल्हटकर हे टिळकपक्षीय होते. परंतु त्यांच्या ‘संदेश’ (१९१५) पत्राने चुरचुरीत मथळे व ‘वत्सलावहिनींची पत्रे’ यांसारखी सदरे यांच्या योगे, केसरीच्या भारदस्त अग्रलेखाकडे न वळणारा वाचक मिळविला. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये पुण्यात ‘सकाळ’ सुरू करताना मतापेक्षा वृत्ताला प्राधान्य दिले. हे पत्र सर्वांचे म्हणून वाढले. मात्र पक्षनिरपेक्षता हीसुद्धा एक निवडच असते. शहरातील नळ, रस्ते, बाजारभाव यांत रस असणारा मध्यमवर्गीय नागरिक हा तिचा वाचक होता आणि त्याच्या चिंता याच सर्वांच्या चिंता, असे त्यातून सूचित होत राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात प्र. के. अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक ‘मराठा’ (टिळकांच्या काळातील इंग्रजी साप्ताहिकाहून वेगळे) सुरू केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने या पत्राला वाचक दिला आणि पत्राने चळवळीला तिची भाषा दिली. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाल्यावर चळवळीबरोबर एकत्र आलेला हा वाचक पुन्हा आपापल्या पक्षाकडे पांगला. मागणी पूर्ण झाल्याने पत्राचा पाया ढासळावा, हा एकविषयी पत्रांचा नेहमीचा धोका होय.

भाषा आणि मत यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे गोव्यात दिसून आले. गोवामुक्तीनंतर पणजी येथे मार्च १९६२ मध्ये ‘गोमंतक’ हे मराठी दैनिक निघाले. त्याने गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला. १९६३ मध्ये ‘राष्ट्रमत’ निघाले. त्याने विलीनीकरणाला विरोध केला व कोकणीच्या अस्मितेची बाजू मांडली. विशेष म्हणजे तेही मराठीतच. चंद्रकांत केणी यांचे संपादन व उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर यांमुळे ते प्रभावी ठरले. गोव्यातील हिंदू समाजाची वाचनाची सवय मराठीची होती. त्यामुळे मराठी राज्यात जाऊ नये, हे पटविण्यासाठीही मराठीचाच आधार घेणे भाग होते. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व स्वतंत्र केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. त्याचे सर्व श्रेय एका पत्राला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मराठी वाचक म्हणजे विलीनीकरणवादी, हे गृहीतक राष्ट्रमताने खोटे ठरविले, यात शंका नाही.

वाचकवर्गाचे रूपांतर थेट राजकीय संघटनेत होण्याचे उदाहरण मुंबईत घडले. बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू केलेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकात विविध आस्थापनांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. या सदराचे ‘वाचा आणि थंड बसा’ हे शीर्षक पुढे ‘वाचा आणि उठा’ असे झाले. नोकरीच्या शोधात असलेल्या मराठी तरुणाला आपल्या अडचणीचे कारण त्यात नावानिशी वाचावयास मिळे. औद्योगिक व आर्थिक कारणांची चर्चा अशा यादीत मावत नाही, ही या पद्धतीची उणीव होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला अनुयायी हा बहुतांशी मार्मिकचा वाचक होता. २३ जानेवारी १९८८ रोजी ‘सामना’ हे दैनिक निघाल्यावर या वाचकाला रोजचे पत्र मिळाले. सामनाचा अग्रलेख पक्षाची अधिकृत भूमिका म्हणून विरोधकही वाचू लागले व इतर पत्रे तो वृत्त म्हणून उद्धृत करू लागली. २०२२ मध्ये पक्ष फुटल्यानंतर हे पत्र उद्धव ठाकरे यांच्या गटाकडे राहिले.