ब्राँकोस्कोपी : श्वासनलिकांची दुर्बिणीतून तपासणी

ब्राँकोस्कोपी : नाकावाटे अथवा तोंडावाटे एक बारीक, दीपयुक्त नळी स्वरयंत्रातून खाली उतरवून श्वासनाल, त्याच्या उजव्या व डाव्या मुख्य शाखा आणि त्यांपुढील उपशाखा यांचे आतून प्रत्यक्ष निरीक्षण करण्याची, व जरूर तेथे परीक्षणासाठी द्रव, पेशी किंवा ऊतींचा तुकडा मिळविण्याची वैद्यकीय पद्धती. रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात ती ‘छातीची दुर्बीण’ या नावाने ओळखली जाते, आणि ‘उद्या दुर्बीण घालायची आहे’ एवढे वाक्य कानी पडताच रुग्णाच्या मनात जी धास्ती उत्पन्न होते ती बहुधा वेदनेची नसून श्वास कोंडण्याची असते. ही धास्ती स्वाभाविक असली तरी बव्हंशी निराधार आहे. ती का निराधार आहे हे रुग्णास अगोदर समजावून सांगणे हा या तपासणीच्या पूर्वतयारीतील सर्वांत महत्त्वाचा, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित, भाग होय.

कित्येक आठवडे न हटणारा खोकला, थुंकीतून पडणारे रक्त, क्ष-किरण चित्रात दिसलेला व औषधोपचारानंतरही न विरणारा डाग, फुप्फुसाचा एखादा भाग हवा न पोहोचल्यामुळे आक्रसणे, कर्करोगाचा संशय, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णास झालेला आणि कारणाचा थांग न लागणारा न्यूमोनिया, अशा नानाविध प्रसंगी ही तपासणी करतात. आपल्याकडे तिचे एक मोठे प्रयोजन क्षयरोगाच्या निदानाचे आहे. वजन उतरते आहे, संध्याकाळी कणकण येते, छातीच्या चित्रात डाग आहे, परंतु बेडकाच पडत नाही, किंवा पडलेल्या बेडक्यात जंतू सापडत नाहीत, अशा रुग्णाच्या फुप्फुसाच्या नेमक्या भागातून द्रव मिळवून तो सीबीनॅट चाचणीस पाठविला असता सुमारे दोन तासांत जंतूंचा, आणि त्यांनी रिफाम्पिसिन या औषधास दाद देण्याचे सोडले आहे किंवा काय याचा, निर्णय लागू शकतो. मात्र ज्यास चांगला बेडका पडतो त्याचा बेडका रीतसर तपासण्याआधीच दुर्बीण सुचविली जात असेल, तर रुग्णाने कारण विचारण्यास संकोच करू नये.

या विद्येचा आरंभ श्वासमार्गात अडकलेल्या एका हाडापासून झाला. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील स्वरयंत्रविशारद गुस्टाफ किलियन (1860–1921) यांनी 1897 साली एका शेतकऱ्याच्या उजव्या मुख्य श्वासनलिकेत गेलेला डुकराच्या हाडाचा तुकडा, कोकेनने घसा बधिर करून आणि अन्ननलिका पाहण्यासाठी बनविलेली सरळ धातूची नळी आत घालून, बाहेर काढला. तत्पूर्वी अशा रुग्णाच्या नशिबी बहुधा शस्त्रक्रिया, नाहीतर फुप्फुसात पू होऊन मृत्यू एवढेच असे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शेव्हालिए जॅक्सन (1865–1958) यांनी नळीच्या आतल्या टोकाशी छोटा दिवा बसविला, तंत्रास शिस्त लावली, आणि हयातभरात लोकांच्या घशातून, अन्ननलिकेतून व श्वासमार्गातून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू, टाचण्या, नाणी, बटणे, दाणे, खेळण्यांचे भाग, एखाद्या दप्तरदाराच्या काटेकोरपणे नोंदवून ठेवल्या. तो संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो.

धातूच्या सरळ नळीचा उपयोग आजही संपलेला नाही. श्वासमार्गात परकीय वस्तू गेलेली लहान मुले, श्वासमार्गातून होणारा जबर रक्तस्राव, वाट अडविणारी गाठ कोरून काढणे, आकुंचित मार्गात आधारनलिका बसविणे, या कामांसाठी तीच अधिक भरवशाची असून ते काम संपूर्ण भूल देऊन शस्त्रक्रियागृहात चालते. महाराष्ट्रात याचे नेहमीचे निमित्त म्हणजे शेंगदाणा. दाढा पुरत्या न आलेले एक ते तीन वर्षांचे मूल खेळता खेळता दाणा तोंडात टाकते, हसते किंवा रडते, आणि दाणा श्वासाबरोबर खाली जातो. तोही बहुधा उजवीकडे, कारण उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा आखूड, रुंद आणि अधिक उभी असते. एकदा जोराचा ठसका लागतो, नंतर मूल शांत होते आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु दाणा ओल धरून फुगतो, त्याचे तेल श्लेष्मल त्वचेस दाह करते, आणि तो क्ष-किरण चित्रात स्वतः दिसत नसल्यामुळे कित्येक मुलांवर आठवडेच्या आठवडे दम्याचे उपचार होत राहतात. चणा, चिंचोका, सीताफळाची बी, सुपारीचे खांड यांचीही हीच कथा आहे. ठसक्याची हकीकत आईने आठवून सांगणे हे येथे चित्रापेक्षाही मोलाचे ठरते, आणि तशी हकीकत असल्यास चित्र स्वच्छ आले तरी दुर्बिणीने खात्री करून घेणे हाच शहाणपणा होय.

प्रौढ रुग्णांत मात्र आता बहुतेक सर्वत्र लवचिक दुर्बीण वापरतात. काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली लंडनहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्या तत्त्वाचा आश्रय घेऊन टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शिगेतो इकेदा यांनी वळणारी ब्राँकोस्कोप सिद्ध केली आणि 1966 साली कोपनहेगन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ती जगापुढे ठेवली. हल्लीच्या उपकरणात काचतंतूंची जागा टोकावरील सूक्ष्म कॅमेऱ्याने घेतली असून चित्र समोरच्या पडद्यावर उमटते.

श्वास कोंडण्याच्या भीतीचे उत्तर या उपकरणाच्या मापातच आहे. नेहमीच्या दुर्बिणीची जाडी 5 ते 6 मिलिमीटर. प्रौढाच्या श्वासनालाचा आतील व्यास साधारणतः 15 ते 20 मिलिमीटर. म्हणजे 18 मिलिमीटरच्या नालात 6 मिलिमीटरची नळी उतरली तरी ती त्याच्या छेदाचा केवळ नववा हिस्सा व्यापते, आणि उरलेल्या जागेतून हवा अव्याहत ये-जा करते. शिवाय नाकाशी प्राणवायूची नळी लावलेली असते आणि बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण क्षणोक्षणी दाखवीत असतो. ज्याचा श्वासमार्गच अरुंद झाला आहे किंवा ज्याचे फुप्फुस आधीच थकले आहे त्याची गोष्ट निराळी. त्याच्याबाबतीत तपासणी करावी की नाही, आणि करावयाची तर कोणत्या तजविजीने, याचा निर्णय अगोदरच घेतात.

पूर्वतयारीत सर्वप्रथम सीटी स्कॅन येतो, कारण कोणत्या शाखेत जावयाचे याचा नकाशा तोच पुरवितो. म्हणून जुनी सर्व चित्रे बरोबर नेणे अगत्याचे. रक्त गोठण्याच्या चाचण्या व हृदयालेख यांची आवश्यकता रुग्णाच्या प्रकृतीवर अवलंबून असते. घन आहार सुमारे सहा तास आणि पाणी सुमारे दोन तास आधी बंद करावे लागते, कारण घसा बधिर असताना उलटी झाल्यास पोटातील अन्न थेट फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. येथे चहा-बिस्कीट चालत नाही, उपवासाचा फराळ चालत नाही, आणि सकाळची मशेरी किंवा तंबाखूची चिमूटही चालत नाही. काही खाल्ले गेलेच असेल तर रागावण्याच्या भीतीने ते लपविण्यापेक्षा सांगून तपासणी पुढे ढकलवून घेणे शतपट बरे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची हकीकत तर न विचारताही सांगावी. तुकडा काढावयाचा असल्यास क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखी औषधे काही दिवस आधी थांबवितात. ॲस्पिरिन बहुधा चालू राहते. परंतु हा फेरफार हृदयरोगतज्ज्ञाच्या मसलतीनेच व्हावा, स्वतःच्या मनाने नव्हे. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेण्यास सहसा मुभा असते, मधुमेहाच्या औषधांबद्दल स्वतंत्र सूचना मिळते, आणि दमेकऱ्यास आधी वाफेतून औषध देतात. हृदयविकाराचा झटका अलीकडेच येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबणे श्रेयस्कर. कवळी, हलणारे दात यांची कल्पना द्यावी. दुर्बीण नाकातून जाणार असल्याने नथ किंवा चमकी घरीच काढून ठेवावी. बोटावरचा चिमटा नीट वाचू शकावा म्हणून नखांचा रंगही पुसावा. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, न उमजलेले विचारावे. सोबत एक जबाबदार माणूस असावाच.

प्रत्यक्ष तपासणीस बहुधा अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ लागत नाही, आणि तीतील खरोखर त्रासाचा भाग त्याहूनही पुष्कळ थोडा असतो. प्रथम लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची वाफ किंवा फवारा घशात मारतात व जेली नाकात सोडतात. औषध कडू असते. थोड्याच वेळात जीभ जाड झाल्यासारखी वाटते, घशात गोळा बसल्याचा भास होतो आणि लाळ गिळता येत नाही असे वाटून कित्येक रुग्ण येथेच घाबरतात. वस्तुतः हे बधिरता पुरेशी आल्याचे लक्षण आहे, आणि लाळ गिळण्याचा अट्टहास न करता ती तोंडाच्या कडेने वाहू द्यावी. शिरेतून गुंगीचे औषध देतात. ही संपूर्ण भूल नव्हे. रुग्ण अर्धवट जागा असतो, सांगितलेले ऐकू शकतो, परंतु नंतर पुष्कळांस त्यातले फारसे आठवत नाही. डोळ्यांवर पट्टी ठेवतात. दुर्बीण तोंडातून जाणार असल्यास दातांमध्ये प्लॅस्टिकचे कडे बसवितात.

दुर्बीण स्वरयंत्राशी पोहोचली की तेथे औषधाचे आणखी काही थेंब सोडतात, आणि ती स्वररज्जूंमधून पुढे सरकताना खोकल्याची एक जोरदार उबळ येते. सबंध तपासणीतील अत्यंत कठीण क्षण हाच. या वेळी श्वास रोखून धरू नये, मान हलवू नये. धापा टाकीत असल्यासारखा उथळ श्वास घेत राहावे, म्हणजे उबळ ओसरते. स्वररज्जूंमध्ये नळी असेपर्यंत आवाज फुटत नाही, यास्तव बोलण्याचा खटाटोप निष्फळ असतो. हाताची कोणती खूण म्हणजे ‘थांबा’, हे आधीच परिचारिकेशी ठरवून घ्यावे. पुढे, जेथे श्वासनालाचे दोन फाटे होतात त्या संवेदनशील कडेपाशी, पुन्हा थोडा खोकला येतो. त्यानंतर एखाद्या उपशाखेत मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून ते परत खेचून घेतात. यात साधारणतः 100 ते 200 मिलिलिटर पाणी थोडे थोडे करून वापरले जाते, आत राहिलेले शरीर आपोआप शोषून घेते, आणि छातीत घरघर होण्यापलीकडे रुग्णास विशेष काही जाणवत नाही.

तुकडा काढताना दुखेल, ही भीती सार्वत्रिक आहे. आणि येथे शरीररचनेने माणसावर मोठीच मेहरबानी केली आहे. श्वासनलिकांच्या आतील अस्तरास व फुप्फुसाच्या ऊतीस कापण्याची वेदना होत नाही. ती होते फुप्फुसावरील आवरणालगतच्या पडद्यास. सबब फुप्फुसाच्या कडेजवळून तुकडा घेताना चिमटा मिटल्यावर रुग्णास छातीत किंवा खांद्यात कळ जाणवली, तर चिमटा आवरणाच्या फार निकट गेल्याचा तो इशारा असतो, आणि रुग्णाने हात वर करताच वैद्य चिमटा उघडून मागे घेतो. यावरून रुग्णास पूर्ण झोपवून टाकण्यापेक्षा शुद्धीवर ठेवणे का पसंत करतात, हेही ध्यानात येईल. टोकाशी ध्वनितरंगांचे उपकरण असलेल्या किंचित जाड दुर्बिणीने श्वासमार्गाच्या भिंतीपलीकडील लसीकाग्रंथी पडद्यावर पाहून त्यांत सुई घालता येते. फुप्फुसाचा कर्करोग कोठवर पसरला आहे हे ठरविण्याकरिता पूर्वी गळ्याखाली छेद घेऊन जी शस्त्रक्रिया करावी लागे, ती या पद्धतीमुळे पुष्कळांची टळली आहे. तुकडा काढल्याने गाठ चवताळते हा समज मात्र गावोगाव दृढ असून त्यापायी निदानास झालेला विलंबच अधिक जीव घेतो.

तपासणीनंतर घशाची जाणीव परत येईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन तास, तोंडात काहीही घालू नये. मग प्रथम घोटभर पाणी पिऊन पाहावे आणि ठसका न लागल्यास खावे. एक-दोन दिवस घसा खवखवणे, आवाज बसणे, थुंकीत रक्ताची रेघ दिसणे, संध्याकाळी किंचित ताप येणे हे अपेक्षितच होय. गुंगीचे औषध घेतलेल्याने 24 तास वाहन चालवू नये व कोणत्याही दस्तऐवजावर सही करू नये. गंभीर उपद्रव शेकडा एकापेक्षाही कमी जणांस होतात. त्यांतील मुख्य दोन : बराच रक्तस्राव, आणि फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस दबणे. दुसरा धोका फुप्फुसाच्या ऊतीचा तुकडा घेतल्यास वाढतो, व म्हणून त्यानंतर छातीचे चित्र काढून पाहतात. थुंकीत चमचाभराहून अधिक ताजे रक्त, एकाएकी लागलेली धाप, छातीत कळ, किंवा हुडहुडी भरून येणारा व न उतरणारा ताप, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुर्बिणीने काय दिसले ते त्याच दिवशी सांगता येते, परंतु अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा असतो. ऊतिपरीक्षेचा अहवाल काही दिवसांत येतो. क्षयजंतूंचे संवर्धन नकारात्मक ठरविण्यास द्रव माध्यमात 42 दिवसांपर्यंतही थांबावे लागते. पहिल्या अहवालात ‘काही आढळले नाही’ असे असणे म्हणजे रोग नाही असे नव्हे, कारण घेतलेला तुकडा नेमक्या जागेचा नसू शकतो. तेव्हा संवर्धनाचा अहवाल कोणत्या तारखेस व कोणत्या खिडकीवर मिळेल हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि बरे वाटू लागले म्हणून तो न्यावयाचे टाळू नये.