आर्च लिनक्स स्वहस्ते बसविताना

विंडोज १० चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. त्यामुळे विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, परंतु सुस्थितीतील संगणक अनेक घरांत उरले आहेत. अशा यंत्रासाठी लिनक्सचा पर्याय शोधणाऱ्यांपैकी काहींचे लक्ष ‘आर्च लिनक्स’कडे वळते. कॅनडातील जड विनेट यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही कार्यप्रणाली मोफत आहे. तिला ठरावीक आवृत्त्या नसून नवे घटक सतत येत राहतात. मात्र उबुंटूप्रमाणे ‘पुढे, पुढे’ दाबत नेणारी स्थापना येथे नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून प्रणालीचा एकेक भाग स्वतःच जोडावा लागतो.

आज्ञांचीच भीती नवख्यांना अधिक वाटते. प्रत्यक्षात चुकलेली आज्ञा बहुधा पुन्हा देता येते. चुकीच्या डिस्कवरून पुसलेली माहिती मात्र सहसा परत मिळत नाही. म्हणून छायाचित्रे व कागदपत्रे आधीच बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती तेथून उघडतात, याची खात्री करावी. आर्चची स्थापना-प्रतिमा ‘सिक्युअर बूट’ चालू असताना सुरू होत नाही. ते बंद करण्यापूर्वी विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, अन्यथा आपल्याच माहितीस कुलूप लागण्याची वेळ येते.

अधिकृत संकेतस्थळावरून प्रतिमा उतरवून, तिची स्वाक्षरी पडताळून ती पेनड्राइव्हवर लिहावी. या कृतीत पेनड्राइव्हवरील जुने सर्व काही नष्ट होते. संगणक त्यावरून सुरू केल्यावर इंटरनेट जोडावे. वायफायसाठी ‘आयडब्ल्यूसीटीएल’ ही आज्ञा आहे.

यानंतर डिस्कची विभागणी येते आणि येथे घाई नको. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा जोडलेल्या सर्व डिस्क आकारासह दाखविते. कोणती डिस्क संगणकाची आणि कोणता पेनड्राइव्ह, हे आकारावरून ओळखून कागदावर टिपून घ्यावे. नव्या यंत्रांवर सुरुवातीसाठी एक लहान ईएफआय विभाग आणि प्रणालीसाठी एक मोठा विभाग लागतो. विंडोजही ठेवायचे असेल, तर ईएफआय विभाग आधीच अस्तित्वात असतो. तो फॉरमॅट करू नये. तो पुसला गेला, की विंडोज डिस्कवर असूनही सुरू होत नाही.

पुढचे काम तुलनेने सरळ आहे. विभाग जोडून ‘पॅकस्ट्रॅप’ने मूळ प्रणाली व कर्नल उतरवावे, ‘जेनएफएसटॅब’ने विभागांची नोंद करावी, ‘आर्च-क्रूट’ने नव्या प्रणालीत शिरावे आणि तेथे वेळक्षेत्र, भाषा, पासवर्ड व ग्रबसारखा बूटलोडर ठरवावा. भारतासाठी वेळक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ हे आहे. याच टप्प्यावर ‘नेटवर्कमॅनेजर’ बसवून तो आपोआप सुरू होईल अशी तजवीज करावी. मूळ संचात तो नसतो. पहिल्यांदा बसविणाऱ्यांची हमखास अडचण हीच: रीस्टार्टनंतर इंटरनेट नाही, आणि ते आणणारे साधन उतरविण्यास इंटरनेट हवे! पेनड्राइव्हवरून पुन्हा शिरून ती दूर करता येते.

रीस्टार्टनंतर केवळ लॉगिनची एक ओळ दिसते. स्थापना फसली, असा त्याचा अर्थ नव्हे. केडीई प्लाझ्मा किंवा ग्नोमसारखा डेस्कटॉप वेगळा बसवावा लागतो. २०२१ पासून ‘आर्चइन्स्टॉल’ ही मार्गदर्शक आज्ञाही प्रतिमेत मिळते. तरीही स्वहस्ते करायचे असल्यास पहिला प्रयत्न व्हर्च्युअल बॉक्समधील आभासी संगणकावर करणे शहाणपणाचे. तेथे चूक पूर्णपणे फुकट असते.

मराठी वापरकर्त्यांनी ‘नोटो’ फॉन्ट बसवावेत, अन्यथा देवनागरीच्या जागी चौकोन दिसू शकतात. टंकलेखनासाठी ‘आयबस’ उपयोगी पडते. प्रणालीची भाषा मराठी निवडली, तरी इंग्रजीही तयार ठेवावी, कारण डेस्कटॉप बिघडल्यास ज्या काळ्या पडद्यावर दुरुस्ती करावी लागते, तेथे देवनागरी उमटत नाही.