अबोल म्हणजे हुशार? एका समजुतीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास

मराठीत दोन म्हणी आहेत. एक सांगते, उथळ पाण्याला खळखळाट फार. दुसरी सांगते, बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. पहिली म्हण गप्प माणसाला हुशार ठरवते, दुसरी त्याला बाजारात नापास करते. पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला या दोन्ही म्हणी लागू पडतात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार आहे. म्हणजे 30 टक्के गुण सरळसरळ बोलण्यातून मिळतात. म्हणून अंतर्मुखता आणि बुद्धिमत्ता यांचा खरंच संबंध आहे का, हा प्रश्न आपल्यासाठी नुसता गप्पांचा नाही.

सुरुवात बिनेपासून करू. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, हे आपण पाठ करतो. त्याआधी 1903 मध्ये बिनेने बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावर एक पुस्तक लिहिलं होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यात त्याने स्वतःच्या दोन मुलींचं बारकाईने निरीक्षण केलं आहे. एक मुलगी समोरच्या वस्तूंकडे, बाहेरच्या जगाकडे लक्ष देणारी. दुसरी कल्पनेत, आपल्याच विचारात रमणारी. विचार करण्याच्या दोन तऱ्हा म्हणून त्याने त्या मांडल्या. म्हणजे आधुनिक बुद्धिमापन ज्याच्या नावाने सुरू होतं, त्याच माणसाने अंतर्मुख-बहिर्मुख हा फरकही टिपला होता.

हे शब्द जगभर पसरले ते कार्ल युंगच्या 1921 च्या व्यक्तिमत्त्व प्रकारांवरच्या ग्रंथामुळे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. युंगच्या लेखी अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे. मनाची ओढ कुठल्या दिशेला आहे, आत की बाहेर, एवढाच त्याचा अर्थ. विचारप्रधान बहिर्मुख माणूस म्हणून त्याने डार्विनचं उदाहरण दिलं आणि विचारप्रधान अंतर्मुख म्हणून कांटचं. या दोघांत हुशार कोण, असा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

मग गडबड कुठे झाली? एकाच शब्दात अनेक गोष्टी कोंबल्या गेल्या तिथे. हे पहिल्यांदा नीट दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड. 1930 च्या दशकात त्याने अंतर्मुखतेच्या प्रश्नावल्यांवर घटक विश्लेषण केलं, तेव्हा ही एकच एक गोष्ट नाही असं दिसलं. लोकांत मिसळायला संकोच वाटणं हा एक घटक, विचारात रमणं हा वेगळा घटक. रोजच्या बोलण्यात सांगायचं तर ‘घुम्या’ आणि ‘विचारी’ हे दोन वेगळे लोक असू शकतात. पुढे याच गिल्फर्डने बुद्धिमत्तेचेही तुकडे केले. त्याच्या 1967 च्या प्रतिमानात तब्बल 120 क्षमता आहेत. आपल्या प्रश्नातले दोन्ही शब्द एकाच माणसाने फोडले!

आणि हाच गिल्फर्ड पुण्यात पोचला. डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी. तिथल्या मानसशास्त्राच्या कामात गिल्फर्डच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या तयार झाल्या. मुलं चाचणीने निवडायची, पण निवडल्यावर त्यांना खोलीत बसवून ठेवायचं नाही, अशी ही संस्था. नेतृत्व, गावोगावची कामं, ढोल आणि बरची पथक. बुद्धीला समाजाकडे वळवायचं, हा अप्पांचा आग्रह. महाराष्ट्रात प्रज्ञावंतांसाठी जी सर्वांत ठळक संस्था उभी राहिली, तिने ‘हुशार मूल एकलकोंडंच असणार’ हे गृहीत धरलं नाही.

पण मोजमापाचा प्रश्न त्याही आधीचा आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची श्रेणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 चं. ‘बिने-कामत’ चाचणी आपल्याकडे पुढे अनेक दशकं वापरात राहिली. ही चाचणी होते कशी? परीक्षक समोर बसतो, प्रश्न विचारतो, मूल तोंडी उत्तर देतं. आता विचार करा, अनोळखी माणसासमोर बोलायला कचरणारं मूल गप्प राहिलं, तर कमी काय भरलं? बुद्धी, की बोलणं?

आपल्या वसईत तर यात आणखी एक पदर आहे. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारं मूल, डहाणू-जव्हारकडे वारली बोलणारं मूल, वर्गात प्रमाण मराठी किंवा इंग्रजी सुरू झाली की गप्प होऊ शकतं. शिक्षक त्याला ‘अबोल’ म्हणतात. ते मूल गल्लीत दिवसभर बडबड करत असेल! ही अंतर्मुखता नाही, ही भाषेची अडचण आहे. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळ घालणारा चल म्हणतात. तो वेगळा काढला नाही, तर कितीही मोठा नमुना घेतला तरी निष्कर्ष चुकेल.

आता आकड्यांकडे येऊ. आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून अ‍ॅकरमन आणि हेगेस्टॅड यांनी 1997 मध्ये संश्लेषण केलं. बहिर्मुखता आणि सामान्य बुद्धिमत्ता यांचा सहसंबंध निघाला सुमारे 0.08, तोही धन, म्हणजे बहिर्मुखांच्या बाजूने! पण थांबा. 0.08 चा वर्ग 0.0064. बुद्धिमत्तेतल्या फरकांपैकी एक टक्कासुद्धा यातून समजत नाही. 2005 मध्ये वुल्फ आणि अ‍ॅकरमन यांनी पुन्हा पाहिलं, तर 2000 पूर्वीच्या अभ्यासांत संबंध किंचित धन आणि नंतरच्या अभ्यासांत किंचित ऋण. ज्या सहसंबंधाचं चिन्हच दशकागणिक बदलतं, त्यावर कुणाचं आयुष्य ठरवू नये. 2023 मध्ये स्टॅनेक आणि वन्स यांनी 1,300 हून जास्त अभ्यास आणि 20 लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. त्यात बहिर्मुखतेच्या सगळ्या पैलूंचा नाही, तर मुख्यतः ‘सक्रियता’ या पैलूचा क्षमतांशी धन संबंध दिसला. म्हणजे गिल्फर्ड म्हणत होता तेच: आधी शब्द फोडा, मग मोजा.

कुणी म्हणेल, आकडे राहू द्या, आपले कापरेकर पाहा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचे. आजच्या आपल्याच जिल्ह्यातले. 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत शिक्षक. पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी विद्यापीठ नाही. 6174 हा त्यांचा स्थिरांक. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यावर त्यांचं नाव जगभर गेलं. एकटाच आकड्यांत रमलेला अंतर्मुख प्रतिभावंत, असं चित्र सहज रंगवता येतं. पण हेच कापरेकर गणित परिषदांना जात, शाळा-कॉलेजांत जाऊन आवडीने व्याख्यानं देत. एकटेपणा त्यांच्या स्वभावात होता, की विद्यापीठाबाहेर राहिल्यामुळे वाट्याला आला होता? एका चरित्रावरून हे ठरवता येत नाही. शिवाय आपल्याला आठवतात ते यशस्वी एकांडे. जे एकांडे होते आणि विसरले गेले, ते आपल्या नमुन्यात येतच नाहीत.

तर या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल, तर तीन प्रश्न आधी स्वतःला विचारा. अंतर्मुखता म्हणजे नेमका कुठला घटक मोजणार आहात? चाचणी तोंडी आहे, लेखी आहे की घड्याळ लावून घेतलेली? आणि गप्प बसण्यामागे भाषा, जात, लिंग, भीती यांचा वाटा किती, हे कसं वेगळं काढणार?

आणि विषय वेगळा असला, तरी एवढं घेऊन जा. तुम्ही अबोल असाल तर त्यावरून तुम्ही संशोधनासाठीच जन्मलात असं सिद्ध होत नाही, आणि संशोधनाला नालायक आहात असंही नाही. मुलाखतीतले 30 टक्के हे बोलण्याचे आहेत, आणि बोलणं सरावाने सुधारतं. आपला प्रस्ताव एखाद्या मित्राला पाच मिनिटांत, स्वतःच्या भाषेत, मोठ्याने समजावून सांगा. आठवडाभर रोज. गहू चांगले असतील, तर ते विकायलाही शिकावं लागतं.