साष्टीचे जंगल आणि कोरलेली नावे

नया नगर, मीरा रोड, भाईंदर म्हटले की आज लोकलची गर्दी आणि दाटीने उभ्या इमारती डोळ्यांपुढे येतात. ही वस्ती ज्या साष्टी बेटावर आहे, त्याच बेटाच्या जंगलातून १८३२ साली व्हिक्टर जाकमाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ मुंबईस आला. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्याला धाडले होते. १८२९ मध्ये तो कलकत्त्यास उतरला; हिमालय, लाहोर, काश्मीर पाहून पुण्यास पोहोचला. साष्टीच्या रोगट हवेत त्याचे दुखणे बळावले आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी, अवघ्या एकतीस वर्षांचा असताना, तो मुंबईत वारला.

त्याची पत्रे छापली गेली. हिमालयातील भूर्जाच्या एका प्रकाराला त्याचे नाव मिळाले. मुंबईत पुरलेले अवशेष १८८१ साली पॅरिसला नेण्यात आले आणि संग्रहालयात त्यांना जागा मिळाली. विद्येसाठी देह झिजवणाऱ्याचा हा मान रास्तच आहे. प्रश्न वेगळा आहे. असल्या प्रवाशांचे पेटारे वाहिले कोणी? रान तोडून वाट केली कोणी?

आपल्या मुलखात एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, सरकारी माणसांचे ओझे वाहणे हे महारांवर लादलेले वतनी काम होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच वतनी गुलामगिरीविरुद्ध. प्रवासवर्णनांत ही माणसे ‘कुली’ आणि ‘वाटाड्या’ एवढीच उरतात.

जाकमाँ पुण्यात आला तेव्हा जोतीराव फुले पाच वर्षांचे होते आणि जवळच भीमा कोरेगावचा स्तंभ उभा होता. त्यावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची ‘नाक’ प्रत्ययाची नावे आहेत. कंपनीने तो स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे खरे. परंतु नावे कोरलेली होती म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, तेव्हा त्या दगडाला आपल्या समाजाचा पुरावा म्हणून उभे करता आले. स्मारक बांधणाऱ्याचा हेतू काहीही असो, नाव राहिले तर वारस त्याचा अर्थ बदलू शकतात. नावच नसेल तर वारसाने बोट कशावर ठेवावे?

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी गॅझेटियर, दप्तरे, प्रवासवर्णने पुन्हा वाचावीत. साष्टीच्या वारली, कातकरी, कोळी, आगरी वस्त्यांतील म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. शास्त्रज्ञाचे स्मारक राहो. त्याच्या शेजारी ओझे वाहणाऱ्यांची नोंदही झालीच पाहिजे.